जाळी नव्हे, पाण्याची जागा

आमच्या गल्लीतला दसूकी सुतार म्हणजे डोकं उठवणारा माणूस. लाकडी मण्यांची जाळी गुंफण्यात अख्ख्या कैरोत त्याचा हात धरणारा कोणी नाही, मला मान्य आहे. पण त्याच्यासमोर नुसत्या जाळीला कुणी मश्रबिया म्हटलं, की झालं!

"रिदाची आई, मश्रबिया म्हणजे पाणी प्यायची जागा! वाऱ्यावर सुरया गार व्हाव्यात म्हणून तो सज्जा. सुरई नसेल तर खुराडं म्हणा त्याला, खुराडं!"

मी बापडी त्याच्या बायकोकडे कोथिंबीर मागायला गेलेली. त्याच्या स्वतःच्या मश्रबियात तर इतक्या सुरया, की कोपर टेकायला जागा नाही.

तिथूनच त्याच्या लेकीने, नवालने, तिला बघायला आलेल्या हिल्मीला बघितलं. पलीकडच्या बुलाक मोहल्ल्यातला कुलूपवाला, पोरगा गुणी. मी शेजारीच होते. "मावशी, हाच!" म्हणत तिने माझा हात असा दाबला, की बांगडी रुतली.

सरबत झालं, मंडळी निघाली. पाठमोरा तरी दिसावा म्हणून या बयेने जाळीतली खिडकी उघडली, आणि कोपराचा धक्का लागून सुरई खाली गेली. थेट हिल्मीच्या टाचेमागे फुटली!

आता आमच्यात सुरई फोडतात ती नकोशा पाहुण्याच्या पाठीमागे. पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणून. हिल्मीची आई लालबुंद झाली.

"नकार द्यायचा तर तोंडाने द्यायचा होता! चल रे!"

दसूकी धावत बाहेर आला. माफी मागेल की नाही? छे! "बाई, ऐका तरी, मश्रबिया या शब्दाचा अर्थच मुळी..."

मी कपाळावर हात मारला. तिकडे बाई मुलाला बाहीला धरून ओढत कोपऱ्यापर्यंत पोचलीसुद्धा. नवालच्या डोळ्यांना धार लागली होती. एकदम तिने अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं.

"अहो हिल्मी! माझा धक्का लागला हो! मी तुम्हालाच बघत होते!"

गल्लीतल्या सगळ्या माना वर वळल्या. दसूकीचीसुद्धा.

हिल्मी वळला. कानापर्यंत लाल झाला होता. "मग... उद्या येऊ का?"

त्याच्या आईने वर पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या, आणि मुलाला परत दसूकीच्या घराकडे ढकललं.

"उद्या कशाला? आत्ताच चल. उद्यापर्यंत ही पोरगी उडी टाकायची!"