ताईसाठी सोडलेले बटाटेवडे

कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, ते मी फक्त बायकोला सांगितलं. आमच्याकडचे पुरुष भातावर तुपाची धार ओतून म्हातारे झालेले. हिंजवडीत दिवसभर खुर्ची गरम करून, कॅन्टीनचे सामोसे रिचवून रक्तात चरबी साठवणारा घराण्यातला मी पहिलाच. डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी दिली आणि तूप, तळण बंद केलं.

त्याच सुमारास कर्वेनगरला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, स्तनाचा कॅन्सर निघाला.

दिवाळीनंतर नारायण पेठेत मावशीकडे बारसं होतं. बटाटेवड्यांचं ताट माझ्यासमोरून दोनदा गेलं आणि मी हात लावला नाही.

"काय रे, बरं नाही का?" मावशी म्हणाली.

"तसं नाही. सध्या सोडलंय तळलेलं."

"सोडलंय?" तिने ताट खालीच ठेवलं. "ताईसाठी?"

इथे नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. मी मान खाली घातली. मावशीने डोळ्यांना पदर लावला. शेजारी बायकोने जिलबीचा तुकडा तोडला आणि माझ्याकडे बघत तो फार सावकाश चावला.

मी घरी पोचायच्या आत बातमी कर्वेनगरला पोचली होती. ताईचा फोन आला. "अरे वेड्या," म्हणाली आणि रडायला लागली. किमोला मी सोबत जायचो, तर तिथे ती नर्सना सांगायची, "हा माझा भाऊ. माझ्यासाठी वडे सोडलेत याने. एरवी ताटात यायची वाट बघत नसे, कढईपाशीच उभा." नर्स माझ्याकडे आदराने बघायच्या आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

मग एकदा ताईच्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून घेतलं. कोलेस्टेरॉल कमी करायची एक जुनीच गोळी किमोच्या जोडीने देऊन बघायचा अभ्यास चालू होता. त्यात भाग घ्याल का, असं ते विचारत होते.

"कॅन्सरच्या पेशींना वाढायला जे लागतं, त्यातलं काही ही गोळी अडवते, असं प्रयोगशाळेत दिसलंय," ते म्हणाले. "माणसांत उपयोग होतो का, ते अजून माहीत नाही, म्हणून तर अभ्यास. आपण नाही म्हणालात तरी चालू उपचार तसेच राहतील."

ताईने माहितीचा कागद वाचला. जन्मभर शाळेत शिकवलेली बाई, एक ओळ सोडली नाही. स्नायू दुखू शकतात, या ओळीवर बोट थांबलं.

"सगळ्यांना होत नाही," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे मला होणार." तिने चष्मा काढला. "किमोने आधीच अंग ठणकतंय हो. घ्यावीशी वाटतेय, पण भीती वाटते."

ताईला भीती वाटते, हे मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

"पोटऱ्या दुखतात थोड्या," मी म्हणालो. "सुरुवातीला, जिना उतरताना. मला तरी पुढे काही जाणवलं नाही."

"तुला?"

इंटरनेटवर वाचलं म्हणालो असतो तरी खपून गेलं असतं.

"मी घेतो ती. दिवाळीच्या आधीपासून."

"अरे वा," डॉक्टर खूश झाले. "मग तूप, तळलेलं बंद केलं असेलच आपलं."

ताईने माझ्याकडे बघितलं. मग चष्मा लावला आणि सही केली.

रिक्षा नदीवरच्या पुलावर आली, तेव्हा तिने विषय काढला.

"म्हणजे वडे तुझ्या डॉक्टरांनी सोडले माझ्यासाठी."

"ताई, मावशीनेच आपणहून..."

"मावशीने विचारलं. तू मान खाली घातलीस. लाडू चोरलेस की अशीच घालायचास."

रिक्षावाला आरशातून बघू लागला. ताई बाहेर बघत होती. तसंच बघत म्हणाली, "मी त्या नर्सना सांगत होते रे."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोसला असता.

घराशी उतरताना तिने विचारलं, "चहाला काही म्हणालेत तुझे डॉक्टर?"

"नाही."

"मग चहा सोड. मी पूर्ण बरी होईपर्यंत."

सोडला. सकाळचा, दुपारचा, पाहुण्यांबरोबरचाही. ताईची किमो संपली आहे, तब्येत सुधारते आहे. त्यात गोळीचा वाटा किती, ते एका माणसावरून सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. मी पूर्ण बरी झाले, असं ताईने अजून जाहीर केलेलं नाही.

दुपारी ऑफिसातली मुलं टपरीवर चहाला बोलावतात. "सर, चहा का सोडलात?"

"अ‍ॅसिडिटी," मी सांगतो.