आईच्या विळ्यावर वाजलेलं मशीन

सकाळपासून किळस जात नाही, म्हणून इथे ग्रुपवर लिहितेय.

आज माझ्या ओळखीच्या जैनीबाईंसोबत अहेरीजवळच्या जंगलात गेले होते. त्यांच्या आईला पुरलं त्या जागी उभा केलेला दगड आडवा पडला होता आणि चार माणसं तिथेच खोदत होती. हातात धातू शोधायचं मशीन.

"परवानगी आहे का?" मी विचारलं.

"सरकारी जंगल हाये मॅडम. ज्याले सापडलं त्याचं."

वनजमिनीवर परवानगीशिवाय खोदणं गुन्हा आहे आणि सापडलेलं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं, हे मी सुनावलं.

"कायचं धन! मशीन वाजलं, अन् निंगाला हा," म्हणत एकाने गंजलेला विळा झुडपात फेकला.

माणसासोबत त्याच्या रोजच्या कामाची वस्तू पुरायची, ही जैनीबाईंच्या घरची रीत. त्यांनी विळा उचलला, पदराने पुसला. "माह्या मायचा हाये," एवढंच बोलल्या.

वनरक्षकाला बोलावून मी तक्रार दिली.

गेल्या आठवड्यात याच ग्रुपवर कुणीतरी 'कोणतं मशीन चांगलं?' विचारलं, तेव्हा भराभर उत्तरं आली होती. आता तीच मंडळी सांगतील का, जैनीबाईंनी आपली माय पुन्हा कशी पुरायची?