कासुर्डीच्या टपरीवरचे पिवळे लाईट

आमच्या जीपवाल्यांच्या ग्रुपवर कुणी विचारलं, की बजेटमध्ये ड्रायव्हिंग लाईट कुठले घेऊ, तर सगळे माझंच नाव पुढे करतात. मीही सांगतो... खोक्यावरच्या लुमेनवर जाऊ नका, आकडे काय कुणीही छापतं. लाईट हातात घेऊन बघा, मागची ॲल्युमिनियमची बॉडी जड लागली पाहिजे. रिलेशिवाय वायरिंग करू नका, सगळा लोड बटणावर येऊन ते जळतं. धुळीत आणि धुक्यात पांढऱ्यापेक्षा पिवळा बरा. पण मला हे एवढं सगळं कसं माहीत, असं आजवर कुणी विचारलं नाही. ते आज इथे लिहितोय.

आधीच सांगतो, मी एमआयडीसीत क्वालिटीला आहे. जे मोजता येत नाही ते मी पास करत नाही. गावात कुणाच्या अंगात आलं की मी उठून घरी जाणारा माणूस. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय.

आम्ही केंदूरचे. माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, जन्मभर शिरूरच्या रस्त्यावर पॅसेंजरची जीप चालवली. ती जीप आता माझ्याकडे आहे. रविवारी मी ती मित्रांबरोबर डोंगरात, चिखलात घालतो. आप्पांना ते कधीच पटलं नाही. गाडी काय रानडुक्कर हाय का, असं विचारायचे.

एके वर्षी आप्पा म्हणायला लागले, गाडीचे लाईट मंद झालेत. मी बल्ब बदलले. तरी तेच. बॅटरी बदलली, काचा बदलल्या. लाईट ठणठणीत होते हो... गेले होते ते आप्पांचे डोळे. काचबिंदू. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यामागची नस वाळली आहे, गेलेली नजर परत येत नाही. हळूहळू उरलीसुरलीही गेली. आप्पांनी एकदाच विचारलं, "म्हंजी आता कायमचं?" मी हो म्हणालो.

माझी बहीण सुमन खुटबावला दिली आहे. मागच्या हिवाळ्यात आप्पांना घेऊन तिच्याकडे निघालो होतो. तिच्या घराची वाट उसातून जाते, आणि तोडणी चालू असली की ट्रॅक्टरच्या धुळीत समोरचं काही दिसत नाही. म्हणून जाताना कासुर्डीजवळ हायवेच्या एका टपरीवर थांबलो. ट्रकचं सामान विकणारी साधी टपरी. बिननावाचे दोन पिवळे लाईट घेतले. हातात अगदीच हलके लागले, पण म्हटलं, सीझन काढतील. टपरीवाल्यानेच बसवून दिले.

दिवेलागणीला उसाच्या वाटेला लागलो आणि मी बटण दाबलं. शेजारी बसलेले आप्पा एकदम पुढे सरकले.

"हळू घे. डाव्या अंगाला रेडकू बसलंय."

मी ब्रेक मारला. उसाच्या कडेला काळं रेडकू बसलं होतं. मला ते आप्पांनी सांगितल्यावर दिसलं. वास आला असेल, असं मी मनाशी म्हटलं. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, पाईप आडवा पडलाय. होता. मग म्हणाले, बाई येतीय, हिरव्या लुगड्यातली. वळणावरून वैरणीचा भारा घेतलेली बाई आली. लुगडं हिरवंच होतं... आता हिरव्या रंगाला काही वास नसतो.

घरासमोर गाडी थांबवली. सुमन ओट्यावरून उतरून उजेडात आली. आप्पा तिच्याकडे बघत राहिले – खरोखर बघत.

"सुमे, किती वाळलीस गं."

तिला कावीळ होऊन गेली होती. आम्हाला घोर नको म्हणून तिने कळवलं नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. ती तिथेच मातीत बसून रडायला लागली. मी लाईट बंद केले तसे आप्पा म्हणाले, "गेलं."

मेहुण्यांचा विश्वास बसेना. ते आत जाऊन शर्ट उलटा घालून आले आणि गुपचूप जीपपुढे उभे राहिले. मी लाईट लावले. आप्पा हसायला लागले, म्हणाले, पाव्हणं, सदरा उलटा घातलाय. मग आम्ही टॉर्च लावून पाहिला, ट्रॅक्टरचे लाईट लावून पाहिले, जीपचे जुने लाईट लावून पाहिले. त्यात काहीच नाही. या दोन लाईटच्या उजेडात मात्र सगळं दिसायचं.

केंदूरला परतल्यावर रोज शिफ्ट सुटली की मी जीप अंगणात लावायचो. आप्पा सीटवर बसून आईला समोर उभी करायचे आणि नुसते बघत बसायचे. आई लाजून पदराने तोंड पुसायची, म्हणायची, बास की आता, भाकरी करपतीय. आमच्या घरात इतका आनंद त्याआधी कधी झाला होता, मला आठवत नाही.

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. डोळ्याला उजेडच कळत नाही म्हणाले. अंधांना कधीकधी मेंदू स्वतःच चित्रं दाखवतो, हेही सांगितलं. मी उलट्या शर्टाचं सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, त्यांना फार आशा लावू नका.

स्वस्तातल्या लाईटचं होतं तेच झालं. काचेच्या आत दव धरलं. आधी एक गेला, मग दुसरा. दुसरा गेला तेव्हा आई समोरच उभी होती.

शिरूरच्या मेकॅनिकने दोन्ही उघडून पाहिले. आत कुठल्याही लाईटमध्ये असतं तेच, फक्त जळलेलं. टपरी अजून आहे, टपरीवालाही तोच. त्याच्याकडून तसलाच जोड आणला, तसल्याच खोक्यातला. काही नाही. मग हॅलोजन, मग एलईडी, मग पिवळी फिल्म चिकटवून पांढरे. दौंडच्या बाजारातून, ऑनलाईन, दुसऱ्यांच्या गाड्यांवरून उतरवलेले... मी लाईट निवडण्यात तरबेज झालो तो असा. दरवेळी आप्पा सीटवर बसायचे आणि मी विचारलं की मान हलवून नाही म्हणायचे. त्या दोन लाईटमध्ये काय होतं, मला आजही सांगता येत नाही. कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा. कुणी सांगेल असं आता वाटत नाही.

परवा आणखी एक जोड बसवला. आप्पा आधीच येऊन बसले होते. मी वायर जोडून त्यांच्या शेजारी बसलो आणि सवयीने विचारलं, आप्पा, काही दिसतंय का? त्यांनी तोंड समोर केलं. मग त्यांचा हात चाचपडत माझ्या गुडघ्यावर आला.

"व्हय, दिसतंय की. झ्याक दिसतंय. आता नवं नको आणूस."

मी बटण अजून दाबलं नव्हतं.