कुलपाआडचा फोन

टेंभी नाक्याजवळच्या फ्लॅटमध्ये माईंना सांभाळायला तुळसा रोज कोपरीहून येई. माई सगळं विसरलेल्या. कधीच्या मेलेल्या जावेवरचा राग तेवढा ताजा, आणि त्यांच्या लेखी ती जाऊ म्हणजे तुळसाच! "सटवे, माझ्या पाटल्या दे!" म्हणत वरणाची वाटी तोंडावर फेकायच्या, नखं दंडात रुतवायच्या.

दुपारी घरचे कामावर असले की फोन वाजे. खोपटला असाच एक म्हातारा सांभाळणारी मालन.

"आज काय फेकलं गो?"

"वरण. तुझा म्हातारा?"

"मना बायको समजून सकालपासून भांडतंय मेला!"

दोघी खदाखदा हसत. मग तुळसाचा आवाज खाली येई. "मालन, आज हात उठलेला गो. थोडक्यात वाचली म्हातारी."

"माझाबी काल उठलेला. पाणी पी. मी हाय लाईनवर."

माईंच्या मुलाला, गुरुदत्तला, हे कळलं. "गप्पा मारायला ठेवलंय का तुला?" त्याने हॉलमधला फोन बेडरूममध्ये नेला आणि दाराला बाहेरून कुलूप ठोकलं.

"साहेब, तेवढं बोलले नाय तर माझं डोस्कं फिरेल."

"देवाचं नाव घे."

दुसऱ्या दुपारी बंद दाराआड फोन वाजायला लागला. थांबे, परत वाजे. माई बिथरल्या, दारावर धडका मारायला लागल्या. "मला कोंडलंय! सटवे, उघड!" तुळसा आवरायला गेली, तर माईंनी तिचा अंगठाच चावला, रक्त येईस्तोवर. तुळसाचा हात वर गेला. पुरता वर. समोर तो सुरकुतलेला गाल.

फोन वाजतच होता.

ती गर्रकन वळली, स्वयंपाकघरातला वरवंटा उचलला आणि कुलपावर घातला. परत घातला. कोयंडाच उखडला.

"मालन..." तिला धाप लागलेली.

"मारलंस?"

"नाय. दार फोडलं."

"बरं केलंस. बस खाली."

संध्याकाळी गुरुदत्त दारातच ओरडला, "माज आलाय तुला?"

"आलाय! हात तुमच्या आईवर उठलेला, तो दारावर टाकला. दार महाग वाटत असेल तर सांगा तसं!"

"चालती हो."

"चालले. उद्या आईपाशी तुमी बसा."

तिने चपला पायात सरकवल्या. गुरुदत्तने आत माईंकडे पाहिलं. त्या पडदा ओरबाडत होत्या.

"थांब. उद्या ये."

"फोन बाहेर आणा. आत्ता. माझ्यासमोर."

तो वायर ओढत फोन हॉलमध्ये आणेपर्यंत ती उंबऱ्यावरून हलली नाही. उपकार झाले, असंही म्हणाली नाही.