त्यांचं सुतक दहा दिवसांचं

काकूंनी माझी ओली साडी काठीच्या टोकाने दोरीवरून खाली ओढली. मातीत. मग काठीही नळाखाली धरली.

"तुझं लुगडं आमच्या दोरीवर? अक्कल हाय का न्हाई?"

ती साडी भिजली होती आजी गेल्यावर त्यांना, काकूंच्याच सासूला, शेवटची आंघोळ घालताना. अंथरुणाला खिळून आजींची पाठ सडली होती. काकू नाकाला पदर लावून दारात उभ्या. "तूच घाल गं," म्हणाल्या. घातली. दुसरी साडी नेसून ही पिळून दोरीवर टाकली, इतकंच.

जळकोटच्या त्या घरात मी कामाला होते; आजींची हागल्या-मुतल्याची लुगडी मीच धुवायचे. मी धुतलेलं प्रत्येक कापड काकू पुन्हा पाण्यातून काढायच्या. आजींची घाण माझ्या हाताला चालायची, माझा हात त्यांच्या कापडाला चालायचा नाही.

आम्ही ख्रिस्ती. रविवारी प्रार्थनेला पास्टर जुन्या इस्राएल लोकांचे नियम सांगत होते. अंगातून स्राव होणाऱ्या माणसाच्या अंथरुणाला कोणी शिवलं, तर त्याने कपडे धुवायचे, आंघोळ करायची, संध्याकाळपर्यंत अशुद्ध राहायचं. नियम कडक, बायकांना तर जाचच. पण सूर्य बुडाला की माणूस सुटला. मग तो कोणत्याही कुळातला असो.

मला रडू फुटलं. माझी आई जन्मभर लोकांची धुणी धुऊन म्हातारी झाली. तिला एकदाही कोणी शुद्ध म्हटलं नाही.

"आमची सांज कवा व्हायची, पास्टर?"

"धीर धर, ताई."

धीर! आणखी किती पिढ्या?

दहावा झाला. काकू न्हाल्या, शुद्ध झाल्या. घरभरची अंथरुणं, चादरी अंगणात येऊन पडली.

"समदं धुऊन टाक. मग मी पाण्यातून काढते."

मी साबण उचलला. नवरा कामाला म्हणून पुण्याला गेला तो गेलाच. आई आजारी. चूल याच कामावर पेटायची. तरी तोंडातून निघालंच.

"काकू, तुमचं सुतक दहा दिसांत फिटलं. माझं का फिटत न्हाई?"

"ते तुझ्या जातीला इचार."

मी साबण खाली ठेवला. "न्हाई धुणार."

त्यानंतर गावात कोणी काम दिलेलं नाही. आई ताटातली भाकर माझ्याकडे सरकवते. मला भीती वाटते. लई वाटते. उद्या काय खायचं, ठाऊक नाही. पण जिथे माझ्या हाताचा विटाळ होतो, तिथे हे हात आता राबणार नाहीत. त्यांची घाण त्यांनी धुवावी.