कांदाचाळीतला ईपी आणि आमचे नाना

आमच्या बँडमधला एकमेव समजूतदार माणूस काल गेला.
त्याला एकही वाद्य वाजवता येत नव्हतं.

नाना. आमचा ड्रमर सचिन, त्याचे वडील. घोडेगावजवळ शेती, आणि वाडवडिलांच्या कळपातून उरलेली पंधरा मेंढरं.

पहिला अल्बम आला, तो आमच्या आयांनी मन लावून ऐकला. दुसरा काही होईना. लोक विसरायला नकोत म्हणून मध्ये चार गाण्यांचा ईपी काढायचं ठरलं. स्टुडिओ परवडेना, म्हणून नानांची कांदा साठवायची चाळ.

"ईपी म्हंजी काय रं?"
"नाना, दोन अल्बमच्या मधली छोटी रेकॉर्ड."
"म्हंजी साखरपुडा म्हण की! लगीन लांब हाय, पण पोरगं कामाला लागलंय एवढं गावाला कळावं."

याहून बरी व्याख्या मला आजवर इंटरनेटवर सापडलेली नाही.

मेंढरं चाळीला खेटूनच कोंडलेली. आणि कांद्याच्या चाळीला भिंती नसतात, फटी असतात. मी वरचा सूर लावला की पंधराच्या पंधरा ओरडायची.
नाना म्हणायचे, "त्यांना आवडतंय, राव. तू गा."

चौथ्या गाण्यात सचिनने जीव तोडून ड्रम वाजवले. मेंढरांनीही जीव तोडून साथ दिली.

आणि मी माती खाल्ली.

ड्रमच्या ट्रॅकमधून मेंढरं काही निघेनात, म्हणून सचिनला न विचारता त्याचे ड्रमच काढले आणि कम्प्युटरचे टाकले. रिलीजच्या दिवशी त्याने ते गाणं एसटीत ऐकलं. घोडेगाव स्टँडवर उतरून मला फोन केला.
"हा मी नाय."
एवढंच. मग दोन वर्षं अबोला. बँड खलास.

गेल्या महिन्यात नानांचा फोन. "जेवायला ये."

गेलो तर पानसुपारी मांडलेली, समोर सचिन, नानांच्या हातात वही. थेट लग्नाची बैठक!

"दोन्हीकडची मंडळी आली. याद्या करून घिऊ. मुलाकडनं काय?"
सचिन पुटपुटला, "ड्रम."
"मुलीकडनं?" नाना माझ्याकडे बघत होते.
"नाना, मी मुलीकडचा का?"
"दर टायमाला मुलीकडच्यांनीच वाकायचं, हे मला बी पटत न्हाई. पण आज तू वाक."

वाकलो. सचिनची माफी मागितली. दोन वर्षं तेच करायचं होतं, हिंमत होत नव्हती.

सचिनने विचारलं, "दुसऱ्या अल्बमात मेंढरं ठेवायची?"
"पंधराच्या पंधरा."
नानांनी ते वहीत लिहिलं, माझी सही घेतली आणि सुपारी फोडली.

रेकॉर्डिंगची तिथी मात्र ठरेना. चाळीत कांदा भरलेला. नाना म्हणाले, "भाव वाढला की इकतो. मग चाळ तुमची."
रॉक अल्बम कांद्याच्या भावावर अडकलेला बँड जगात दुसरा नसेल. आम्ही रोज सकाळी भाव बघायचो. तो हलायचं नाव घेईना.

काल सकाळी नाना मेंढरं सोडायला उठले आणि तिथेच खाली बसले. हार्ट अटॅक.

स्मशानातून सचिनबरोबर परतलो. चाळीपाशी आल्यावर तो थांबला.

"भाव काय बी असू दे. दहावा झाला की कांदा काढू. पोती धरशील ना?"

धरीन म्हणालो. मग दोघंही तिथेच, चाळीला टेकून, लहान पोरांसारखे रडलो.

नाना, लई आठवण येतीय.
अख्ख्या बँडचा तुम्हाला शेवटचा रामराम.