आईने स्कूटर शिकायचं ठरवलं होतं
पेट्रोलचा वास आला की थंडीत तिरकी करून किक मारावी लागणारी आमची नाशिकची स्कूटर आठवते, आणि पंचाण्णव सालची पहिली सकाळ. अंगणात चहा पिताना सगळे नव्या वर्षाचे संकल्प सांगत होते. बाबा सिगारेट सोडणार होते, काका रोज फिरायला जाणार होते. आई हळूच म्हणाली, “मी यंदा स्कूटर शिकणार. पंचवटीतून भाजी आणायला कुणाची वाट बघायला नको.” बाबा म्हणाले, “आधी भाजीत मीठ नीट टाकायला शीक!” सगळे खो खो हसले. आईही हसली आणि रिकामे कप उचलून आत गेली. बाबांची सिगारेट आठवड्यात पुन्हा सुरू झाली, त्यावर मात्र कुणी हसलं नाही. परवा माझ्या मुलीने विचारलं, “आजी, तुझा संकल्प काय?” आई म्हणाली, “आता कुठे जायचंय मला?”